तिची वाक्यं, दुसऱ्यांचे आवाज

रविवारी दुपारी मी अनोळखी माणसांचे आवाज ऐकत बसते. परवा एक मुलगा ऐकला, कुठल्या तरी मोठ्या शहरातला असावा. पडद्यावर आलेलं वाक्य तो वाचत होता, "तुजी आठवण काढायला बी येळ पायजे." 'येळ'पाशी जरा अडखळला, पण वाचलं नीट. मी 'हो'चं बटण दाबलं.

वाक्य बरोबर वाचलं होतं, फक्त ते त्याचं नव्हतं. ते माझ्या मैत्रिणीचं. केजच्या बसस्थानकासमोर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिनं ते सांगितलं आणि मी टाइप केलं. अशी तिची चाळीसेक वाक्यं आहेत. ती नागपूरच्या बाईने वाचली, कोकणातल्या कुणी आजोबांनी वाचली, एकाने तर सर्दी झालेली असताना वाचली. तिच्या स्वतःच्या आवाजात मात्र एकही नव्हतं. मला तिचा आवाज पाहिजे होता. त्यासाठी मी काय केलं आणि त्याआधी काय करून बसले, तेच इथे लिहिते आहे.

आम्ही दोघी दिंद्रुडच्या शाळेत एका बाकावर. जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्या मराठीच्या सरांना डुलकी यायची. त्यावर त्यांनी सोपा तोडगा काढला होता: तिला उभं करायचं, धडा वाचायला लावायचा आणि आपण डोळे मिटून 'ऐकायचं'. सर झोपले तरी वर्गात कुणी दंगा करत नसे. सरांना कोण घाबरत होतं? ती वाचत असायची म्हणून सगळे गप्प बसत. पाठ झालेला धडासुद्धा तिच्या तोंडून नवा वाटायचा. तिला रेडिओवर बोलणारी बाई व्हायचं होतं. घरी स्टीलचा पेला तोंडाशी धरून ती हवामान सांगायची, "उद्या पाऊस पडण्याची शक्यता आहे. नाही पडला तर आमचा नाइलाज आहे." मी तिची एकटी श्रोती, आणि हसून हसून पोट धरणारी.

दहावीच्या परीक्षेआधी तिचं लग्न झालं. सासर केजच्या बाजूचं, ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली की टोळी निघायची ती गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. मी शिकले, क्लासमध्ये शिकवायला लागले, लग्न होऊन केजलाच राहिले. वर्षातून एकदा-दोनदा बाजाराच्या दिवशी गाठ पडायची. हातात पिशव्या, पाठीशी जीपवाल्यांचा आरडाओरडा. अशात काय बोलणार? तिचा आवाज मला पुरा कधी मिळालाच नाही.

आता त्या प्रकल्पाचं सांगते. क्लासमधल्या जुन्या मशिनींवर फुकटची, खुली प्रणाली चालते, म्हणजे ओपन सोर्स. कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी. त्या प्रणालीच्या नादाने मी हळूहळू अशा कामांत शिरले. त्यातलंच हे एक: लोक आपल्या आवाजात मराठी वाक्यं वाचून पाठवतात, दुसरे लोक ती ऐकून 'हो' किंवा 'नाही' म्हणतात, आणि साठलेले सगळे आवाज जगाला खुले होतात. म्हणजे उद्या मशिनीला मराठी बोललेलं कळावं. आज कळतं ते शहरातल्या पुरुषाचं. माझ्या सासूबाई फोनशी बोलल्या तर फोन भलतंच काहीतरी लिहितो आणि त्या म्हणतात, "बहिरा हाय का गं ह्यो?"

ऑनलाइन मीटिंगमध्ये एकदा एकाने विषय काढला, की बायकांचे आवाज फार कमी आहेत, महिलांना प्रोत्साहन दिलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे पुरुष होते. मी होते, पण माझा माइक बंद होता, कारण तव्यावर भाकरी होती. संध्याकाळी आठची मीटिंग. पुढे गुलाबी रंगाचं पोस्टर कसं करावं यावर बराच वेळ चर्चा झाली. मी पिठाचा हात पुसला आणि एका बोटाने लिहिलं, "आठ वाजता मीटिंग ठेवाल तर पोस्टर वाचून कुणी येणार नाही. रविवारी दुपारी तीनला ठेवा." कुणीतरी लिहिलं, रविवारी दुपारी लोक झोपतात. मी विचारलं, "कोण लोक?" पुढच्या आठवड्यापासून मीटिंग तीनला व्हायला लागली. चांगली मुलं आहेत, फक्त त्यांना सांगावं लागतं.

मग मी क्लासमध्ये रविवारी बायका जमवायला लागले. एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षिका, खालच्या दुकानदाराची बायको, माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी. कधी पाच जणी, कधी मी एकटीच. खाली "बीड, बीड, बीड" अशी हाळी चालू असायची, आणि मागे आवाज असला की ध्वनिफीत बाद होते. त्यावर शिक्षिकाबाईंनी उपाय काढला, वाकळ. घरून जाड वाकळ आणायची, डोक्यावरून पांघरायची आणि आत बसून फोनमध्ये वाचायचं. आतून आवाज यायचा, "विज्ञानाच्या प्रगतीमुळे मानवी जीवन सुकर झाले आहे," आणि बाहेर आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. घामाघूम होऊन ती बाहेर आली की दुसरी आत.

एकदा अंगणवाडीच्या बाई वाकळीतून वाक्य न बोलताच बाहेर आल्या. म्हणाल्या, "हे न्हाई जमायचं मला. दुसरं द्या." बघते तर वाक्यात एका माणसाचं नाव, आणि तेच त्यांच्या नवऱ्याचं. आमच्याकडे बऱ्याचशा बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आता तरुण पोरी घेतात. मीही घेते, पण सासूबाई घरात नाहीत हे बघून. सगळ्यांनी मिळून त्यांना चिडवलं, तेव्हा त्या पुन्हा वाकळीत गेल्या आणि ते नाव चक्क उखाण्यात गुंफून बोलल्या. ध्वनिफीत अर्थातच बाद. तेव्हापासून मी सगळ्यांना बजावायला लागले: पडद्यावर जे आहे तेच वाचा. 'आमचे हे', 'आमच्या ह्यांनी' असं केलंत तर ऐकणारा 'नाही' म्हणणार. मीही म्हणते. मला माझ्या काटेकोरपणाचा अभिमान होता, आता तो आठवला की स्वतःचाच राग येतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ती बाजारात भेटली. म्हटलं, चल वर, दहा मिनिटं. नवरा बरोबर होता. तो दाराशी उभा राहिला, ती आत आली. मी तिला वाकळ दाखवली, सगळं समजावलं. तिनं पडद्यावरची दोन-चार वाक्यं मनात वाचली आणि म्हणाली, "असं कोण बोलतं गं? मानवी जीवन सुकर? एक बी बाई असं बोलत न्हाई."

"मग कसं बोलते?"

"लिवून घे," ती म्हणाली, आणि सुरू झाली. "वाढ्याचा भारा डोक्यावर घेतला की मान भरून येती." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तो जनावरांना घालतात. "लेकराला तितं नगं निजवू, मुंग्या हायेत." "गाडी भरली का मग च्या." "कोपीला दार नसतंय, पडदा असतोय." कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची झोपडी. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. बाकीच्या बायका हातातलं काम सोडून ऐकत होत्या, वर्गातली पोरं ऐकायची तशा. आवाज जरा घोगरा झाला होता, पण ती वाक्य टाकायची कशी, थांबायची कुठे, ते अजून तेच होतं. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजी आठवण काढायला बी येळ पायजे."

मी ते टाइप केलं. दुसरं काय करणार होते?

"आता हीच वाच की तुझ्या आवाजात," मी म्हटलं.

"पुढल्या टायमाला. ते थांबलेत."

मग मी घाईघाईने नवऱ्याच्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं, कारण तिचा फोन नव्हता. माहिती भरताना त्याने फोन हातात घेतला आणि विचारलं, "कुनाचं वय टाकायचं? फोन माजा हाय." स्वतःचं वय टाकलं, 'पुरुष' निवडलं. मी वाद घातला नाही. तिला घाईत दाखवलं: वाक्य कसं आणायचं, कुठे दाबलं की आवाज भरायला सुरुवात होते. दोघं जिना उतरून गेली. दिवाळी होताच त्यांची टोळी निघाली.

तिची वाक्यं मी प्रकल्पात घातली. एकाने हरकत घेतली की हे प्रमाण मराठी नाही. मी म्हटलं, माणसं तर प्रमाण आहेत ना? बाकीच्यांनी माझी बाजू घेतली आणि वाक्यं राहिली. हिवाळाभर लोक ती वाचत होते, आणि मी दर रविवारी तिचा आवाज येईल म्हणून कान लावून बसायचे. तपासायला येणाऱ्या आवाजांवर कुणाचं नाव नसतं. कोण, कुठलं, काही कळत नाही. एकामागून एक यायचे: हो, हो, नाही, हो. एकदा एक आवाज आला. मागे वारा सुटलेला, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. वाक्य होतं, अमुक अमुक यांनी बाजारातून कलिंगड आणले. आवाज सुरू झाला, "आमच्या ह्यांनी", आणि मी 'नाही' दाबलं. पहिल्याच शब्दाला चूक सापडली होती, पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. उलट वळून बायकांना म्हटलं, "बघा, अजून कुणीतरी आहे आपल्यासारखं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाडव्यानंतर ती बाजारात दिसली. उन्हाने काळवंडलेली, बोटांना पट्ट्या बांधलेल्या. मला बघून तिथूनच हात केला, जवळ आली आणि पहिलं वाक्य हेच, "मी बोललते की. ऐकलंस का?"

"काय?"

"त्या फोनात. एकच बोलले. फोन हातातच देत न्हाईत, एक डाव पाणी भरायला गेलते तवा घेतला. पर वाक्य कसलं आलं बग, ह्यांचंच नाव. कलिंगड आणलं म्हणं ह्यांनी." ती हसली. "नाव कसं घेऊ? 'आमच्या ह्यांनी' म्हणाले. चालतंय न्हवं?"

तिच्या नवऱ्याचं नाव मला माहीत होतं. तिच्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या मी. पण त्या नावाचे आमच्याकडे गल्लीगल्लीत दोन दोन निघतात, त्या दिवशी माझ्या डोक्यात आलंच नाही. ते नाव मी इथेही लिहीत नाही. तिनं घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ?

तिला काय सांगणार होते? अख्ख्या हंगामात एकदा फोन तिच्या हाती लागला, ती एक वाक्य बोलली, आणि ते मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही? मी म्हटलं, "चालतंय की. ऐकलं. लई छान आलंय."

तिचा चेहरा असा खुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "अजून तसाच हाय का गं आवाज?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तसाच आहे. खोटं बोलले ते बोलले, वर प्रमाणपत्रही दिलं.

पुढच्या दिवाळीनंतर ती गेली ती पाडव्याला आली नाही. कळलं, की तिकडेच कारखान्याजवळ कुणा बागायतदाराच्या मळ्यावर दोघं राहिली आहेत, राखणीला. फोन लावला तर नंबर बंद. तिच्या सासरच्या गावी जाऊन आले, तिथे घराला कुलूप आणि शेजारणीलाही ठिकाण सांगता येईना. मला ती इतकी आठवायला लागली की रविवारी कुठल्याही बाईचा घोगरा आवाज आला की मी तो पुन्हा पहिल्यापासून लावायचे. तिचीच वाक्यं, एकेक करून, सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडून येत होती.

मग एका मीटिंगमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, नाकारलेले आवाजही आपण फेकत नाही, तेही खुले असतात, वेगळ्या यादीत. चूक कुणाला अभ्यासायची असेल तर त्याला मिळाली पाहिजे. मी विचारलं, "सगळे?" तो म्हणाला, सगळे, ताई. हे काम खुलं असण्याचा मला एवढा फायदा होईल असं कधी वाटलं नव्हतं.

ती यादी उतरवायला क्लासच्या इंटरनेटवर चार दिवस लागले, दोनदा लाइट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी उघडून 'कलिंगड' शोधलं. तीन निघाले. पहिल्यात कुणीतरी खोकत होतं. दुसऱ्यात नुसता पंखा. तिसऱ्यापुढे नोंद होती: पुरुष. 'नाही' दोन. दुसरा कुणाचा ते ठाऊक नाही, पहिला माझा.

रविवार नव्हता, क्लासमध्ये कुणी नव्हतं. मी खिडक्या लावल्या, कानाला हेडफोन लावला आणि वरून वाकळ घेतली, त्याची काही गरज नसताना. वारा. लांब ट्रॅक्टर. "आमच्या ह्यांनी बाजारातून कलिंगड आणले." 'ह्यांनी'नंतर ती किंचित थांबली होती, धड्यात महत्त्वाच्या ठिकाणी थांबायची तशी. आवाज खरंच तसाच होता. मी खोटं बोलले नव्हते, हे मला दीड वर्षाने कळलं.

वाक्य संपलं पण आवाज चालूच होता. ते यंत्र दहा सेकंदांनी आपोआप थांबतं आणि भरलेला आवाज तसाच पुढे जातो. पाण्याची कळशी टेकल्याचा आवाज आला, मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "झालं वाटतं. बंद कुटून करायचं गं हे?"

मी वाकळीत रडले, पुष्कळ.

पुढच्या मीटिंगला मी माइक चालू करून बोलले, आणि पहिल्यांदाच भरपूर बोलले. म्हटलं, बायकांना प्रोत्साहन नको, त्यांना जागा हवी. माणूस वाक्यातलं एक नाव बदलून बोललं तर त्याचा आवाज खोटा होत नाही, आपला कागद चुकीचा असतो. तपासणाऱ्याला 'नाही'च्या शेजारी आणखी एक सोय द्या: जे बोललं गेलं ते लिहायचं आणि आवाज ठेवायचा. एकाने विचारलं, असे कितीसे असणार, एखादं उदाहरण आहे का? मी तिचा आवाज लावला. वारा, ट्रॅक्टर, कलिंगड, कळशी. आणि तो प्रश्न.

 पोस्टर गुलाबी करायला निघालेल्यांतला एक मुलगा म्हणाला, "ताई, यादीत तर पुरुष लिहिलंय."

"फोन नवऱ्याचा होता."

"आणि शेवटी ती कुणाला विचारतेय?"

"मला," मी म्हटलं.

ती सोय करायला त्या मुलांना तीन महिने लागले. चालू झाली त्या रविवारी आमच्या बायका जमल्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, आणि अंगणवाडीच्या बाई एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर ती वाक्यं सांगून गेलेली." मी तिनं बोललेलं जसंच्या तसं लिहिलं, शेवटच्या प्रश्नासकट. दोन 'हो' लागतात. पहिला त्या मुलाचा होता, दुसरा माझा.

आता तिचा आवाज आत आहे. तिचा नवा नंबर मात्र अजून कुणाकडून मिळालेला नाही. रविवारी मी अजून तो कधी कधी लावते, शेवटपर्यंत ऐकते, आणि ती विचारते, बंद कुटून करायचं गं हे? खाली लाल गोल असतो, तो दाबायचा. त्या दिवशी घाईत तिला सगळं दाखवलं, तेवढंच राहिलं. ती आली की दाखवीन.